तंबाखू, बाई आणि वार

(नभोवाणीवरील भाषण)



निपाणी म्हटले की तंबाखू आणि तंबाखू म्हटली की निपाणी, अशी सांगड आपल्या सीमाभागात कैक पिढ्यांपासून बसलेली आहे. या तंबाखूचा इतिहास सांगताना तीन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पहिली सीमेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तंबाखूची पोती तीच राहिली, त्यांवरचा अंमल बदलला. दुसरी गोष्ट मजुरीची. १९८० साली निपाणीच्या वखारींतील तंबाखू कामगार बायकांनी संप केला आणि १९८२ साली ‘युगांतर’ या मंडळाने त्या लढ्यावर एक बोलपट काढला. तिसरी गोष्ट भावाची. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळच्या महामार्गावर ठिय्या दिला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात कित्येक शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. या तिन्ही गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत, आणि हे योग्यच झाले.

आज मला सांगावयाची आहे ती चौथी गोष्ट. ती बाईच्या पोटात घडते. वखारीत तंबाखू चाळणारी, सकाळी मिश्री लावणारी किंवा दाढेत तंबाखूची चिमूट धरणारी बाई गरोदर राहिली म्हणजे तिच्या देहातील संप्रेरके आणि तंबाखूतील विष यांची गाठ पडते. ही गाठ कोठे पडते आणि तिचा परिणाम काय होतो, हे मनुष्याला कळावयास चारशे वर्षांच्या जवळपास काळ लागला. त्या चारशे वर्षांचा हा धावता आढावा आहे.

आरंभ आपल्या शेजारच्या विजापुरापासून करू. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या जहाजांतून दख्खनेत आली. १६०४-०५ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुरास गेला असता त्याला तेथे तंबाखू दिसली आणि एक अपूर्व चीज म्हणून त्याने ती आग्र्याच्या दरबारी नेली. त्याने स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बादशहाने चार झुरके घेतले. पण आमच्या ग्रंथांत या वस्तूचे नावही नाही, असे म्हणून हकिमाने हरकत घेतली. दरबाऱ्यांनी मात्र तंबाखू उचलून धरली आणि पाहता पाहता ती रानोमाळ पसरली. हकिमाचा आक्षेप ग्रंथापुरता होता, तरी त्यातील सावधगिरी खोटी नव्हती.

तंबाखूतील मुख्य विष वेगळे काढण्यास त्यानंतर सव्वादोनशे वर्षे लागली. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान या दोघांनी ते शुद्ध स्वरूपात मिळविले. त्याचे नाव निकोटीन. हे विष नुसते धुरातूनच शरीरात जाते असे नाही. तोंडातील नाजूक त्वचेतून ते शिरते आणि ओल्या हातांच्या कातडीतूनही शिरते. तंबाखूच्या हिरव्या पानांत काम करणाऱ्या मजुरांना भोवळ, मळमळ आणि डोकेदुखी होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी या दुखण्याला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ असे नाव दिले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेतील संशोधकांनी आपल्याकडील तंबाखू मजुरांचीही तशीच पाहणी केली. दवाने भिजलेल्या शेतात बगलफुटी काढणाऱ्या बाईला हे दुखणे पुस्तकातून कळावयाचे राहिले नव्हते. तिला फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आता दुसरा धागा घेऊ. तो संप्रेरकांचा आहे. शरीरातील काही ग्रंथी रक्तात अगदी अल्प प्रमाणात रसायने सोडतात आणि त्यांच्या हुकुमाने दूरदूरचे अवयव कामाला लागतात. या रसायनांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. त्यांतील एका कुळाला स्टेरॉइड असे नाव आहे. कोलेस्टेरॉल या चरबीसारख्या पदार्थापासून ती तयार होतात आणि त्या सर्वांच्या अंगी एकमेकांत जोडलेल्या चार कड्यांचा सांगाडा असतो. स्त्रीत्वाचे संप्रेरक इस्ट्रोजेन, गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन आणि पुरुषी संप्रेरके ही सारी त्या एकाच कुळातील भावंडे होत. १९२९ साली अमेरिकेत डॉइसी यांनी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे इस्ट्रोजेनचा पहिला शुद्ध प्रकार वेगळा केला, आणि तो मिळविला गर्भवती बायकांच्या मूत्रातून. गरोदरपणी हे संप्रेरक किती मुबलक होते, याची त्यावरून कल्पना येईल.

एवढे इस्ट्रोजेन बनविते कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पेशीतील कारागिरांकडे वळावे लागते. या कारागिरांना मराठीत विकर आणि इंग्रजी वळणाने एन्झाइम म्हणतात. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली विकराला कुलपाची उपमा दिली : ज्या कुलपाला जी किल्ली, त्या विकराला तोच पदार्थ. योग्य पदार्थ बसला की विकर त्याचे रूप पालटते आणि पुन्हा पुढच्यासाठी मोकळे होते. चुकीची किल्ली अडकून बसली तर मात्र कुलूप उघडत नाही. फिशरची ही उपमा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

गरोदरपणी इस्ट्रोजेन बनविण्याचा कारखाना म्हणजे वार. बाळंतपणात बाळामागून पडणारी आणि पूर्वी घराच्या परसात पुरली जाणारी ती वार. आपण तिला टाकाऊ समजतो. वास्तविक नऊ महिने आई आणि मूल यांच्यामधला सारा व्यवहार तीच पाहते. १९५९ साली अमेरिकेतील केनेथ रायन यांनी दाखवून दिले की मानवी वारेत एक विकर असून ते पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. या विकराला पुढे अरोमाटेज हे नाव रूढ झाले. त्यानंतर स्टॉकहोम येथील एगॉन डित्सफालुशी यांनी या चित्रातील उरलेला भाग भरला. वारेला लागणारा कच्चा माल बराचसा बाळाच्या ग्रंथीतून येतो आणि त्यावरचा शेवटचा संस्कार वारेत होतो. एकटी वार किंवा एकटे बाळ हे काम पुरे करू शकत नाही. आई, वार आणि मूल यांचा हा एकोप्याचा संसार आहे.

ही विकरे यंत्रासारखी सदा एकाच गतीने चालतात काय? नाही, आणि हाच या साऱ्या कथेचा गाभा आहे. १९७० च्या दशकात गुरपिडे आणि त्सेंग यांनी गर्भाशयाच्या अस्तराचा अभ्यास केला. महिन्याच्या पूर्वार्धात त्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा अंमल असतो. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि त्याबरोबर अस्तराच्या पेशींत एक विकर कित्येक पटींनी वाढते. ते प्रखर इस्ट्रोजेनला सौम्य रूप देते. म्हणजे एक संप्रेरक दुसऱ्याला आवर घालावयास पेशीतील कारागीर वाढवून घेते. महिना सरला की तो कारागीर पुन्हा ओसरतो. शाळेची घंटा झाली की वर्ग बदलावेत, तशी पेशीतील कामे संप्रेरकांच्या घंटेवर बदलतात. बाईच्या देहात वेळ हाच एक मोठा नियम आहे.

या घड्याळात तंबाखूने केव्हा बोट घातले, हे आता पाहू. १९५७ साली कॅलिफोर्नियातील सिम्पसन यांनी, धूम्रपान करणाऱ्या बायकांची बाळे दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचे प्रमाण अधिक असते, असा अहवाल प्रसिद्ध केला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका अभ्यासाने तंबाखू चघळणाऱ्या मातांची बाळे वजनाने कमी भरतात असे दाखविले. १९८२ साली मॅकमहॉन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की धूम्रपान करणाऱ्या बायकांच्या मूत्रात महिन्याच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन कमी उतरते. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी लवकर जाते, हेही तोपर्यंत लक्षात आले होते. संशय बळावला, पण चोर कोणत्या दाराने शिरतो ते कळले नव्हते.

ते १९८६ साली कळले. बार्बिएरी, गॉक्बर्ग आणि रायन या तिघांनी मानवी वारेतील अरोमाटेजवर तंबाखूतील द्रव्यांचा प्रयोग केला. यांतील रायन म्हणजे ज्यांनी १९५९ साली वारेतील हे काम प्रथम दाखविले तेच. निकोटीन, शरीरात निकोटीनपासून बनणारे कोटिनीन आणि तंबाखूतीलच ॲनाबेसीन, या तिन्ही द्रव्यांनी अरोमाटेजचे काम रोखले. जितकी मात्रा अधिक तितका अडथळा अधिक. फिशरच्या भाषेत सांगावयाचे तर कुलपात भलतीच किल्ली अडकली. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखविले की धूम्रपानामुळे इस्ट्रोजेनचे विघटन एका विशिष्ट मार्गाने वाढते आणि त्याचा जोर ओसरतो. एकीकडे उत्पादनाला खीळ, दुसरीकडे नासाडी, असा हा दुहेरी तोटा.

येथे एक विवेक राखला पाहिजे. काचेच्या बशीतील पेशीत जे दिसते ते सारेच्या सारे जिवंत देहात तितक्याच प्रमाणात घडते, असे मानणे शास्त्राला धरून होणार नाही. बाळाचे वजन घटण्यास इतरही कारणे आहेत. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बाळाचा प्राणवायू हिरावतो, आईचे पोषण अपुरे असते. तरीही वारेतील विकराला तंबाखू ओळखू येते, ही गोष्ट त्या प्रयोगाने पक्की केली. त्याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष त्याहून मोलाचा आहे. पेशींभोवतीच्या द्रवातून तंबाखूची ती द्रव्ये काढून टाकताच अरोमाटेज पूर्ववत काम करू लागले. कुलूप मोडले नव्हते. किल्ली काढताच ते उघडले.

आता उलट बाजू पाहू, कारण तंबाखू जशी संप्रेरकांच्या कामात अडथळा आणते, तशी संप्रेरकेही तंबाखूचे गणित बदलतात. यकृतात एक विकर निकोटीनचे कोटिनीन करून ते निकालात काढते. हे विकर आणि वारेतील अरोमाटेज एकाच मोठ्या घराण्यातील आहेत. त्या घराण्याला १९६२ साली ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी, त्याच्या प्रकाश शोषण्याच्या गुणावरून, सायटोक्रोम पी-४५० असे नाव दिले. सन २००२ मध्ये अमेरिकेतील डेम्प्सी, बेनोविट्झ प्रभृतींनी त्याच त्या बायकांची गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर तपासणी केली. गरोदरपणी निकोटीनचा निचरा ६० टक्के आणि कोटिनीनचा १४० टक्के अधिक वेगाने होतो, असे त्यांना आढळले. २००६ साली असेही दिसून आले की पुरुषांपेक्षा बायकांत हा वेग जास्त असतो आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत तो आणखी वाढतो. महिन्यातील चढउतारांनी मात्र त्यात लक्षणीय फरक पडत नाही. गर्भारपणाची लाट आली म्हणजे पडतो.

या आकड्यांचा अर्थ फार जिव्हाळ्याचा आहे. तंबाखूची सवय जडलेल्या बाईच्या रक्तातील निकोटीन गरोदरपणी लवकर उतरते. म्हणून तिला तलफही लवकर येते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, “दिवस गेले तरी हिला मिश्री सुटत नाही, काय म्हणावे!” बाईही मनातून खजील होते. वस्तुतः तिच्याच देहातील संप्रेरकांनी यकृताच्या विकराला घाई लावलेली असते. ज्या काळात तिने तंबाखू सोडावी असे आपल्याला वाटते, नेमक्या त्याच काळात सोडणे अधिक अवघड होते. म्हणून तिला बोल लावण्यापेक्षा हात देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

मिश्री ही आपल्या मराठी मुलखाची खास चीज. तव्यावर तंबाखू भाजून, तिची पूड करून दाताला लावावयाची. दात दुखतो म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चारदा लागते. विडी ओढणाऱ्या बायका आपल्याकडे थोड्या. पण मिश्री लावणे म्हणजे तंबाखू खाणे नव्हे, अशी अनेकींची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक बायका मिश्री लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे आधीच अशक्त असलेल्या बाळाच्या दृष्टीने फार मोठे वजन होय.

आणि जी बाई तंबाखूला तोंड लावीत नाही, पण जिचे हात दिवसभर तंबाखूत असतात, तिचे काय? मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील डॉ. रजनी भिसे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात विडी-उद्योगातील कामगारांची तपासणी केली. तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांत बिघाडाचे प्रमाण वाढलेले त्यांना दिसले. वखारीत चाळण मारताना उडणारा खकाणा नाकातोंडात जातो. पदर तोंडाला बांधला तरी तो पुरा अडत नाही. आमच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलींच्या आया आणि आज्या या खकाण्यात आयुष्य काढून गेल्या आहेत. त्यांनी मजुरीसाठी आवाज उठविला तेव्हा देशाने ऐकले. त्यांच्या वारेने आवाज उठविला असता तर तो ऐकण्याचे साधन तेव्हा निपाणीत कोणापाशीच नव्हते.

अशा आधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत बेळगावचे नाव जगाच्या वैद्यक-इतिहासात नोंदले गेले आहे, हे मात्र येथे आवर्जून सांगितले पाहिजे. वारेत आणखी एक विकर पहारेकऱ्यासारखे असते. आईच्या रक्तातील कॉर्टिसोल हे प्रखर स्टेरॉइड बाळापर्यंत जाऊ नये म्हणून ते त्याचे निष्प्रभ कॉर्टिसोन करून टाकते. परंतु बाळाची फुप्फुसे वेळेआधी तयार करावयाची असतील तर याच जातीचे औषध बाळापर्यंत पोहोचविणे भाग असते. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली तो मार्ग दाखविला. डेक्सामेथासोनसारखे कृत्रिम स्टेरॉइड आईला टोचले तर पहारेकरी विकर त्याला फारसे निष्प्रभ करू शकत नाही आणि ते बाळाला लाभते.

हे औषध गावोगावच्या दवाखान्यांतून दिले तर काय होईल, याची परीक्षा बेळगाव आणि नागपूरसह सहा देशांतील ठिकाणी झाली आणि २०१५ साली तिचा निकाल आला. तो धक्कादायक होता. एकंदर नवजात बालमृत्यू घटण्याऐवजी दर हजारी २३.९ वरून २७.४ वर गेलेले दिसले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील २९ रुग्णालयांत २८५२ मातांवर नवी परीक्षा घेतली. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय तीत सहभागी होते. गर्भाचे वय नीट मोजून आणि चांगल्या शुश्रूषेची सोय असेल तेथेच औषध देण्यात आले. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला : नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर उतरले. औषध त्याच जातीचे, पण वेळ आणि जागा जाणून दिल्याने गुण आला. गर्भाशयाच्या अस्तरात जो नियम आपण पाहिला, तोच येथेही दिसतो. स्टेरॉइडचा गुण त्याच्या वेळेवर अवलंबून असतो.

या साऱ्यावरून काय घ्यावे? पहिले असे की गरोदर बाईला खकाण्यापासून आणि ओल्या पानांपासून दूर ठेवणे हा दयेचा विषय नाही. तो मजुरीइतकाच हक्काचा विषय आहे. दिवस गेल्याचे कळताच तिला वखारीत दुसरे काम मिळावे आणि तेवढ्यासाठी तिची मजुरी तुटू नये. हातमोजे व तोंडावरचे चांगले आच्छादन ही सर्वच कामगारांची गरज आहे. दुसरे असे की मिश्री ही तंबाखूच आहे, हे घरोघरी स्पष्ट सांगितले पाहिजे. आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी नाव नोंदविताना ‘तंबाखू खाता काय’ एवढेच न विचारता ‘मिश्री लावता काय’ असेही विचारावे. तिसरे, तलफ येणाऱ्या बाईला टोचून बोलू नये. तिची तलफ का वाढते ते आता आपल्याला ठाऊक झाले आहे. दुखणाऱ्या दातावर उपचार करून दिले तरी निम्मी मिश्री सुटेल.

निपाणीचा भाव, निपाणीची मजुरी आणि निपाणीची सीमा यांवर पुढेही बोलले जाईल, वाद होतील, ग्रंथ लिहिले जातील. त्या ग्रंथांत बाईच्या या चौथ्या इतिहासाला एक प्रकरण असावे, एवढीच माझी विनंती आहे. प्रयोगशाळेतील ते विकर विष दूर होताच पुन्हा कामाला लागले, ही गोष्ट आपल्या आयाबहिणींपर्यंत पोहोचली पाहिजे. गरोदरपणी तंबाखू जितक्या लवकर सुटेल तितके बाळाचे हित अधिक. उशीर झाला म्हणून कोणी हताश होण्याचे कारण नाही.